उडताना वाजणारं खेळणं: आधी वेग मोजा, मग भोक पाडा

प्रश्न असा आला आहे: "मी सोलापूरचाच. गड्ड्याच्या यात्रेत विकायला हातानं फेकायचा बाण बनवतोय. २० मि.मी.चा पीव्हीसी पाईप, पुढं लिंबाएवढं फोमचं बोंड, मागं तीन पंख. बोंडाच्या मागं पाईपला बाजूनं तीन भोकं पाडलीत. भोकावर तोंडानं फुंकलं की छान शीळ वाजते, पण बाण फेकला की एकदम मुका. भोकं लहान-मोठी करून पाहिली, फरक नाही. काय चुकतंय? आणि हीच शिट्टी पतंगाला लावली तर वाजेल का?"

तुमची शिट्टी वाजते, हे तुम्हीच फुंकून सिद्ध केलंय. चुकतोय तो वारा. तोंडानं फुंकताना ओठ वाऱ्याची एक बारीक, जोरकस पट्टी तयार करतात आणि ती पट्टी भोकाच्या समोरच्या कडेवर नेमकी आदळवतात. सूर नीट लागला नाही की आपण नकळत ओठ थोडे हलवतो, जोर कमी-जास्त करतो. म्हणजे फुंकताना निम्मी शिट्टी आपलं तोंड असतं. बाणाला ओठ नाहीत. त्याला मिळतो तो फेकण्याच्या वेगाचा वारा, तोही बोंडाला वळसा घालून, जमेल तिथून जाणारा. गेली २६ वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकची खेळणी करतो. वाजणारी खेळणी करायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी भोक पाडतो आणि मग ते का वाजत नाही याचा शोध घेतो. क्रम उलटा पाहिजे. खेळण्याला हवेत किती वेग मिळतो ते आधी मोजायचं, आणि त्या वेगाला वाजेल असं भोक आणि अशी पोकळी बनवायची.

वेग मोजायला उपकरण लागत नाही. एखाद्या लांब भिंतीवर खडूनं तीन मीटर अंतरावर दोन उभ्या रेघा मारा. मोबाईल आडवा धरून, भिंतीपासून लांब, स्थिर ठेवा आणि सेकंदाला ६० चित्रं घेणारं रेकॉर्डिंग चालू करा. भिंतीच्या अगदी जवळून बाण फेकायला लावा. मग एकेक चित्र पुढं सरकवत मोजा. पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत १५ चित्रं लागली तर वेळ झाला पाव सेकंद, वेग झाला सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. फेकणारा मात्र तुम्ही नको. तुमचं गिऱ्हाईक नऊ-दहा वर्षांचं पोर आहे. मोठ्या माणसाचा हात सहज १८-२० मीटरचा वेग देतो, आणि त्या वेगाला जुळवलेली शिट्टी पोराच्या हातात गेली की गप्प बसते. माझ्या पहिल्या खेळण्याचं हेच झालं. कारखान्यात आम्ही मोठी माणसं फेकायचो तेव्हा गल्ली दणाणायची. गड्ड्याची यात्रा भरते त्या होम मैदानावर एका पोरानं तीनदा फेकून बघितलं आणि माझ्या हातात परत दिलं, "काका, हे वाजंना की." त्या दिवसापासून माझ्याकडं प्रत्येक नमुना आधी शेजारच्या पोरांच्या हातात जातो. मी फक्त चित्रं मोजतो. तुमच्यासाठी आपण १२ मीटरच धरू.

आता भोक वाजतं कसं ते बघा, कारण हे कळल्याशिवाय माप कुठून आलं ते कळणार नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की ती घुमते. बाटलीच्या गळ्यातली हवा हा एक छोटा दट्ट्या आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. दट्ट्या आत ढकलला की पोटातली हवा दाबली जाते, तो परत बाहेर फेकला जातो, पुन्हा आत ओढला जातो. हा झोका सेकंदाला किती वेळा होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: तोंडाचं क्षेत्रफळ, गळ्याची लांबी आणि पोटाचं आकारमान. पोट मोठं तर सूर खाली, तोंड मोठं तर सूर वर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात हे गणित मांडलं. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यात भीमेच्या काठानं पिकतात. तसा एखादा वाळका पोकळ भोपळा हातात आला तर देठाच्या बाजूला भोक पाडून त्यावर फुंकून बघा. पुस्तकातलं गणित पोटात घुमल्यासारखं कळतं.

पण पोकळी आपण होऊन वाजत नाही, तिला कुणीतरी झोका द्यावा लागतो. उडताना तो झोका देतात भोवरे. वारा भोकाच्या पुढच्या कडेवरून निसटला की भोकावर त्याची पातळ चादर तरंगते, ती लाटते आणि लहान लहान भोवरे होऊन मागच्या कडेवर आपटते. प्रत्येक आपटण्याबरोबर थोडी हवा आत ढकलली जाते. हे आपटणं आणि पोकळीचा स्वतःचा झोका एका तालात आले तरच शीळ. झोपाळ्याला धक्का वेळेवर बसला तर तो चढतो, अवेळी बसला तर थांबतो, तसंच हे. यावरून मी कामापुरता एक ठोकताळा वापरतो: वेगाला ०.४ नं गुणायचं आणि भोकाच्या, वाऱ्याच्या दिशेतल्या लांबीनं भागायचं. येईल ती सेकंदाची कंपनं, म्हणजे हर्ट्झ. पोकळी त्याच आकड्याला जुळवायची. थोडंफार इकडंतिकडं होतं, पण सुरुवात इथूनच करायची.

तुमच्या बाणाचं गणित करू. वेग १२ मीटर. बोंडाच्या खांद्यावर, म्हणजे नाकाकडून बाजूला वळणाऱ्या भागावर, वारा दाटून जातो, तिथं तो साधारण पाव पट जास्त असतो, म्हणून १५ धरा. भोक ५ मि.मी.चं. १५ गुणिले ०.४ म्हणजे ६, भागिले ०.००५, आले १२०० हर्ट्झ. भिंत दीड मि.मी. जाडीची असेल तर १२०० हर्ट्झला घुमणारी पोकळी साधारण साडेसात मिलीलिटरची लागते. तुमच्या पाईपचा आतला व्यास १७ मि.मी.च्या आसपास असतो, त्यात हा कप्पा जेमतेम ३३ मि.मी. लांबीचा होतो. आणि तुम्ही वापरलाय अख्खा पाईप, तिन्ही भोकांना मिळून एकच पोकळी, मागचं टोक उघडं असेल तर तेही. १२ मीटरच्या वेगाला जो झोका मिळतो त्याचा त्या पोकळीशी काही मेळ नाही. शिवाय एका भोकातून दाबलेली हवा दुसऱ्या भोकातून निघून जाते. प्रत्येक भोकाला स्वतंत्र, बंद कप्पा पाहिजे. मध्ये पडदे घाला आणि ते सांध्यात पक्के बसवा.

जुळवणी करायला मेडिकलमधली दहा मिलीची सिरिंज आणा, सुई टाकून द्या. माझ्या बाकावर ती नेहमी असते. पुढचं नोझल एम-सीलनं बुजवा आणि वर सिरिंजच्याच जाडीचा गोल, गुळगुळीत टोप घडवा. टोप संपतो त्याच्या जरासं मागं बाजूला ५ मि.मी.चं एक भोक पाडा. आता मागचा दट्ट्या पुढं-मागं केला की पोकळी लहान-मोठी होते आणि किती मिली आहे ते अंगावरच्या रेघांवर वाचता येतं. ही झाली हवी तशी जुळवता येणारी शिट्टी. सिरिंज एका हातभर काठीच्या टोकाला बांधा, टोप वाऱ्याकडं. मित्राला गाडी चालवायला सांगा, तुम्ही मागं बसून काठी बाजूला धरा. सकाळी सहाच्या आसपास, वारा पडलेला असताना, रिकाम्या सरळ रस्त्यावर, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मित्र हळूहळू वेग वाढवत जाईल. ३० ला काही नाही, ३८ च्या आसपास श्वासासारखी कुजबुज, ४५ ला एकदम स्वच्छ शीळ, आणि फार पुढं गेलात की सूर तुटून फुसफुस. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतो, म्हणून मोबाईलवरच्या जीपीएसच्या वेगाशी ताडून घ्या. दट्ट्या एकेक मिली सरकवत चार फेऱ्या मारल्यात की वहीत तुमच्या शिट्टीची पत्रिकाच तयार होईल: कुठल्या पोकळीला कुठल्या वेगात वाजते. पोराच्या फेकीचा वेग ज्या ओळीत बसतो ते तुमचं माप. फेकून फेकून हे कळायला महिना लागतो, गाडीवर एका सकाळीत कळतं.

पण एवढं करूनही तुमच्या बाणावर ती वाजणार नाही, कारण भोकांची जागाच चुकलीय. पावसात छत्री उघडली की दांडा कोरडा राहतो ना, तसा तुमचा पाईप बोंडाच्या आडोशाला आहे. लिंबाएवढं बोंड आणि त्याच्यामागं २० मि.मी.चा पाईप, वारा बोंडावरून सुटतो तो पाईपला शिवतच नाही, मागं नुसती घुटमळणारी, मेलेली हवा असते. भोक तिथं कितीही मापात पाडा, त्याला वारा मिळणार नाही. गोल आकारावरून जाणारा वारा नाकापासून बाजूला वळत वळत जोर धरतो आणि हातानं फेकण्याच्या वेगात, सर्वांत रुंद जागा येण्याच्या थोडं आधीच, पृष्ठभाग सोडून देतो. म्हणून बरोबर रुंदीवर पाडलेलं भोकसुद्धा बऱ्याचदा मुकं राहतं. नाकापासून साधारण ५० ते ६५ अंशांवर, म्हणजे समोरून बघितलं तर भोक दिसेल इतकं पुढं आणा. ही जागा सापडली की बघा, जी शिट्टी गाडीवर ४५ ला वाजत होती ती बाणावर त्याच्याही आधी बोलायला लागते.

म्हणजे रचना बदलावी लागेल. कप्पे पाईपात नकोत, बोंडातच बसवा. बोंड ५०-६० मि.मी. रुंदीचं, अंड्याच्या आकाराचं घ्या, त्यात प्लॅस्टिकच्या तीन डब्या बसवा आणि त्यांची तोंडं खांद्यावर पृष्ठभागाशी सपाट ठेवा. डबीचं तोंड फोमच्या वर एक मि.मी. आलं तरी वारा त्याच्यावरून उडी मारतो, एक मि.मी. खाली गेलं तरी खड्डा होतो. नखानं चाचपून बघा, अडकलं नाही पाहिजे.

कडेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं वाया गेलेला माल मी पाहिलाय. ड्रिलनं भोक पाडलं की प्लॅस्टिकला आत-बाहेर बर, म्हणजे उचललेली खरखरीत कड, राहते. पुढच्या कडेची बर वारा विस्कटते, मागच्या कडेची बर भोवरे नीट आपटू देत नाही. नवं ब्लेड घ्या, मागची कड आतल्या बाजूनं हळूच तासून बाहेर स्वच्छ धार ठेवा, मग बारीक पॉलिश पेपरचा एक हात. मी आजही नमुन्याची मागची कड हातानंच करतो. तासत असताना फुंकून बघायचं: आधी फुर्र, मग फुर्रमध्ये शीळ, आणि एका क्षणी फुर्र नाहीसा होऊन नुसती शीळ उरते. तिथं थांबायचं. अजून तासलं तर भोक लांबतं आणि जुळणी बिघडते. विक्रीच्या मालात मात्र पोराच्या बोटाला लागेल अशी धार बाहेर ठेवता येत नाही, म्हणून साच्यातच ती कड चौकोनी, काटकोनात ठेवा आणि ओठ जरा आत घ्या. थोडा आवाज जातो, जाऊ द्या.

दुसरी गोष्ट गळतीची. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन अर्ध्या वाट्या चिकटवून डबी करायचो. ६०० नगांचा एक लॉट निघाला, त्यातले निम्मे मुके. भोक तेच, डाय (साचा) तीच, माप तेच. दोन दिवस मी भोकंच मोजत बसलो होतो. मग एक डबी गरम पाण्याच्या बादलीत बुडवली, भोकावर बोट दाबून. आतली हवा तापून फुगली आणि सांध्यातून सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची एक माळ वर आली. घाईत सॉल्व्हंट एका बाजूला कमी लागलं होतं. केसाएवढ्या फटीनं पोकळीचा झोका पांगळा होतो, स्प्रिंगच गळकी होते. तेव्हापासून दोन्ही वाट्यांना एकमेकींत बसणारी खाच ठेवली, आणि प्रत्येक लॉटमधले काही नग बादलीत जातात. तुमच्या डब्यांचीही हीच परीक्षा करा.

आता वजन. सोपं म्हणून बरेच जण टेबल टेनिसच्या चेंडूला भोक पाडून बघतात. चेंडू ४० मि.मी.चा, २.७ ग्रॅमचा, ८ मि.मी.चं भोक पाडलं तर ८०० हर्ट्झच्या आसपास घुमतो. हिशेबानं छान आहे. पण एवढा हलका चेंडू हवेत पाच-सहा मीटर गेला की त्याचा वेग निम्मा होतो. शीळ "टु" म्हणेपर्यंत संपली. तोच आकार ४० ग्रॅमचा केला तर वेग निम्मा व्हायला ऐंशी मीटर लागतील, म्हणजे पोराच्या हाताच्या टप्प्यात तो शेवटपर्यंत वाजत जाईल. हलकं खेळणं लवकर गप्प होतं, हे कायम लक्षात ठेवा. पण ४० ग्रॅम, १६ मीटरच्या वेगानं, म्हणजे पाच ज्यूल ऊर्जा; अर्धा किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तेवढी. डोळ्यावर बसलं तर काय होईल याचा विचार करूनच पुढं जा. म्हणून बोंड मोठं, मऊ, नाकाशी निदान दोन-अडीच सेंटीमीटर नुसता फोम आणि सगळं कडक प्लॅस्टिक त्याच्या मागं. फोम दाबून बघा; अंगठा आतल्या डबीला लागला तर फोम कमी आहे. आवाजासाठी मी सुरक्षिततेत तडजोड करत नाही. तुम्हीही करू नका.

सूर किती उंच ठेवायचा? माझे वडील यंत्रमागावर होते. लहानपणी मी डबा घेऊन जायचो, तेव्हा त्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्या माणसाची हाकसुद्धा ऐकू यायची नाही, पण जॉबर (मागांचा मिस्त्री) शीळ घालायचा आणि चाळीस माग ओलांडून ती वडिलांपर्यंत पोचायची. खडखडाट खालच्या सुरातला, शीळ वरच्या, म्हणून ती वाट काढते. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. यात्रेत पाळणे, भोंगे, पिपाण्या, माणसांचा गलका, त्यात ५०० हर्ट्झची घूं हरवून जाते. १२०० ते १८०० मध्ये राहा. त्याहून वर जायचं तर भोक आणखी बारीक करावं लागतं आणि बारीक भोकाचा आवाज तिखट असला तरी क्षीण असतो. भोक वाऱ्याच्या दिशेत ५ मि.मी.च ठेवून आडवं रुंद करा, १०-१२ मि.मी.ची खाच करा. सूर जुळवायला पोकळी त्याच प्रमाणात वाढवावी लागेल, पण आवाज चांगलाच भरतो. आणि तीन कप्पे अगदी सारखे करू नका. एक ७ मिली, एक साडेसात, एक आठ असे ठेवले की तीन सूर एकमेकांना घासतात आणि आवाजाला कंप येतो. एकट्या शिळेपेक्षा तो जिवंत वाटतो.

एक गंमत हवा फुकट देते. बाण सेकंदाला १५ मीटरनं अंगावर येताना सूर साडेचार टक्के वर असतो, डोक्यावरून जाऊन लांब जाताना तेवढाच खाली. मिळून दीड अर्धस्वराची, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीएवढी घसरण. पोरं एकमेकांकडं फेकतात तेव्हा झेलणाऱ्याला चढलेला सूर आणि फेकणाऱ्याला उतरलेला सूर ऐकू येतो. शक्य असेल तर दोघांनी खेळायचं खेळणं म्हणूनच ते विका. आणि जानेवारीतल्या पहाटे १५ अंशांत जुळवलेली शिट्टी मे महिन्याच्या ४२ अंशांत साडेचार-पाच टक्के वर बोलेल, कारण तापलेल्या हवेत ध्वनी जोरात धावतो. घाबरू नका, शिट्टी बिघडलेली नसते.

शेपटीबद्दल एवढंच: बाण गडगडत गेला तर भोक क्षणात वाऱ्याला, क्षणात आडोशाला जातं आणि आवाज तुकड्या-तुकड्यांनी येतो. वजन पुढं, पंख मागं. हवेतली चकती करायची असेल तर मात्र याच तुकड्यांचा उपयोग होतो. २२ सें.मी.ची चकती सेकंदाला सात वेढे घेत १२ मीटरनं गेली तर एका कडेला जवळजवळ १७ मीटर वारा लागतो आणि दुसऱ्या कडेला सातच. कडेवरची शिट्टी एका बाजूला बोलते, दुसऱ्या बाजूला गप्प होते, सेकंदाला सात वेळा. "विंग विंग विंग" असा तो आवाज मुलांना फार आवडतो.

आता पतंग. तुमची शिट्टी पतंगाला लावून वाजणार नाही, निदान गड्ड्याच्या दिवसांत तरी. जानेवारीत आपल्याकडं वारा मंद असतो. पतंगाला सेकंदाला चार-पाच मीटर मिळाले तरी पुष्कळ. त्या वेगाला शिट्टी वाजवायची तर भोक आणि पोकळी दोन्ही मोठी करावी लागतात. चीनमधल्या नानतोंगला मोठ्या पतंगांवर भोपळ्याच्या आणि बांबूच्या शिट्ट्या ओळीनं बसवतात, व्हिएतनाममध्ये पतंगावर बांबूच्या बासऱ्या चढवतात. पण ते पतंग माणसाहून मोठे आणि वारा समुद्राकडचा. आपल्या ताव-कामटीच्या पतंगाला ते वजन झेपणार नाही.

पतंगासाठी वेगळी वाट आहे, आणि ती तुम्ही रानात पाहिलेली आहे. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकलायला शेतकरी बांधावर जुन्या कॅसेटची रीळ ताणून बांधतात. वारा आला की ती रीळ घूं घूं करते. दुरून वाटतं, कुठंतरी मोटर चालू आहे. जवळ जाऊन बघा: रिळेला एखादा पीळ पडलेला असतो, तिची कड वाऱ्यात डावी-उजवी फडफडते आणि फडफड ताणाच्या तालावर पक्की होते. बोट लावलं तर बोटात मुंग्या येतात. इथं सूर ठरतो तो पट्टीची लांबी, ताण आणि वजन यांवर, तंबोऱ्याच्या तारेसारखा. दोन फुटांची रीळ शंभर ग्रॅम वजनाइतक्या ताणानं बांधली तर नव्वदेक हर्ट्झची घूं निघते. मलेशियात पतंगाच्या पाठीवर कमान बसवून तिला अशीच पट्टी लावतात, जपानातही तशीच चाल आहे.

बांबूची एक बारीक कामटी धनुष्यासारखी वाकवा, दोन टोकांना रीळ किंवा पॅकिंगची पातळ पट्टी ताणून बांधा, अर्धा पीळ द्या, आणि हे धनुष्य पतंगाच्या वरच्या भागात, कागदापासून दोन बोटं दूर, आडवं बसवा. मंगळसूत्र, म्हणजे पतंगाला दोर जोडायचा दोऱ्याचा फास, थोडं वर घ्यावं लागेल, कारण वरचं वजन वाढलं; शेपूटही लांबवा, नाहीतर गोते खाईल. ताण कमी असेल तर नुसती फडफड, जास्त असेल तर मुकी. कामटी नखानं वाकवत मधली जागा शोधायची. आणि हा पतंग आषाढातल्या वाऱ्यासाठी ठेवा. तेव्हा पश्चिमेचा वारा आपल्या माळावर दिवसभर एकसारखा वाहतो आणि पट्टी तासन् तास घुमते. दोरा सुती. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी मी तो हातात धरला नसता. होटगी रोडच्या विमानतळाच्या बाजूला पतंग उडवू नका.

विकायचं म्हणताय म्हणून कायद्याचं सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क बंधनकारक आहे, मानक आयएस ९८७३. त्यात टोकं, कडा, गिळले जातील असे लहान भाग, रंगातली विषारी द्रव्यं आणि आवाजाची पातळी, सगळं येतं. डाय बनवण्याआधीच हे मानक वाचा. डाय झाल्यावर कड बदलायची म्हणजे पोलाद पुन्हा कोरायचं. शिट्टी हातात धरून दुसऱ्याच्या कानाशी फुंकणारं पोर प्रत्येक गल्लीत असतं, त्यासाठी डबीचं तोंड असं ठेवा की ओठ नीट टेकू नयेत. तुम्हाला फुंकून वाजणारी शिट्टी हवी होती. मला विचाराल तर तोंडानं न वाजणारी आणि फेकल्यावरच वाजणारी जास्त चांगली.

आत्ता तुमच्या हातात जो बाण आहे त्याची भोकं टेपनं बुजवा आणि तो तसाच, मुका, पाच-सहा पोरांना फेकायला द्या. सरळ जातो का, किती वेगानं जातो, नाकावर पडतो का, एवढंच बघा. वहीत प्रत्येक पोराचं वय आणि पंधरा-वीस फेकींचा वेग लिहा. त्यातला सर्वांत कमी वेग बाजूला काढा आणि सिरिंज घेऊन त्या वेगाला बसा.